जुन्या प्रोग रॉक रेकॉर्डचा आवाज फाटतोय? नवीन कार्ट्रिज मागवायच्या आधी हे करून बघा

ठाणे-नवी मुंबईकडे आता टर्नटेबल घेणारे बरेच झालेत, आणि त्यातले कितीतरी जण फिरून फिरून प्रोगकडेच, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉककडेच, येतात, साहजिक आहे, कारण वीस-बावीस मिनिटांचं एकच गाणं अख्ख्या साइडवर बसवायचं हे डोक्यात ठेवूनच त्यातली काही गाणी रचली गेली. मग कुणी मामाच्या माळ्यावरचा खोका उतरवतं, कुणी चोरबाजारातून पिंक फ्लॉइड उचलून आणतं. रेकॉर्ड लावली की पहिली दहा मिनिटं एकदम मस्त, आणि शेवटाकडे जाता जाता आवाज फाटायला लागतो, 'स' आणि 'श'च्या जागी नुसतं फस्स ऐकू येतं, कीबोर्ड आणि गिटार वेगळे कळेनासे होतात. कुणाला विचारलं तर पहिला सल्ला ठरलेला, कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बदला. बदलतात, आणि तरी फाटतोच.

मी ह्या सगळ्यातून गेलेय म्हणून सांगते, आवाज फाटणं हा एकच बिघाड नसतो. पाच-सहा वेगळ्या गोष्टी कानाला जवळपास सारख्याच ऐकू येतात, आणि नेमकं काय झालंय हे कळायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे रेकॉर्डवर तो कुठे फाटतो ते बघणं. फुकटातल्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर, अशा क्रमाने खाली दिलंय. क्रम मोडू नका.

लागणारं सामान:
- वही-पेन आणि मोबाइलचा टॉर्च
- हेडफोन, आणि त्याच अल्बमची डिजिटल कॉपी (स्ट्रीमिंगवरची चालेल)
- सुईचं वजन मोजायचा डिजिटल काटा
- कागदावर छापलेला अलाइनमेंट प्रोट्रॅक्टर (सुई खाचेत सरळ बसलीय का ते बघायचा तक्ता)
- सुईसाठी बारीक मऊ ब्रश, रेकॉर्डसाठी कार्बन फायबरचा ब्रश
- डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीन नवे मायक्रोफायबर कपडे
- टर्नटेबलचं मॅन्युअल, नसेल तर मॉडेलच्या नावाने शोधून डाउनलोड करा

१. आधी बघा, तो दोष आहे का मुळातच तसं वाजवलंय

प्रोगमध्ये हे फार होतं म्हणून पहिलं. किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं, '२१स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन', त्यात ग्रेग लेकचा आवाज मुद्दाम फाडलेला आहे, तुमची सुई कितीही भारी असली तरी तो तसाच येणार आणि तसाच यायला पाहिजे. ह्याच लोकांच्या १९७४ च्या 'रेड'च्या मागच्या कव्हरवर तर मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेलेला फोटो छापलाय. हॅमंड ऑर्गन लेस्लीतून, म्हणजे फिरत्या स्पीकरमधून, जोरात वाजवला की गुरगुरतो, तेही हवं म्हणूनच.

मेलोट्रॉन नावाचा कीबोर्ड हे अजून एक. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, साधारण आठ सेकंदांचा, पट्टी दाबली की तो टेप चालतो. त्यामुळे त्याचे व्हायोलिन आणि कोरसचे सूर थोडे थरथरतात. नवीन माणसाला वाटतं टर्नटेबलचा बेल्ट गेला. तुम्हाला बेल्ट किंवा स्पीड तपासायचा असेल तर मेलोट्रॉनवर नाही, पियानोवर तपासा. जेनेसिसच्या 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची सुरुवात नुसत्या पियानोची आहे, त्यात सूर हलला तर लगेच कळतं.

तर तोच तुकडा डिजिटल कॉपीवर हेडफोन लावून ऐका. तिथेही फाटतोय तर विषय संपला. फक्त एक लक्षात ठेवा, नवीन रीमिक्स लावून तुलना करू नका, त्यात बरंच काही बदललेलं असतं, जुनंच मिक्स शोधा.

२. कुठे फाटतो ते वहीत लिहा

ही पायरी लोक सोडून देतात आणि सगळं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, बाहेरच्या कडेलाही तेवढेच आणि लेबलाजवळही तेवढेच. पण बाहेरचं वर्तुळ मोठं, आतलं छोटं. हिशोब केला तर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि अगदी आत फक्त २१ च्या आसपास. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. १० किलोहर्ट्झचा सूर बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत पसरलेला असतो, आत तोच २१ मायक्रॉनमध्ये. आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच असते १५ ते १८ मायक्रॉन. जाड मार्करने बारीक अक्षर गिरवायला घेतल्यावर जे होतं तेच होतं, वळणं बुजतात. ह्याला इनर ग्रूव्ह डिस्टॉर्शन म्हणतात आणि ते थोडंफार प्रत्येक रेकॉर्डवर असतंच.

आता प्रोगचा प्रॉब्लेम बघा. पॉप अल्बममध्ये शेवटचं गाणं बरेचदा शांत टाकायचे, म्हणजे आतल्या खाचांवर ताण येत नाही. प्रोगमध्ये मात्र सगळा चढ शेवटाला. 'रेड'मधलं 'स्टारलेस' घ्या, बारा मिनिटांचं गाणं, दुसऱ्या साइडचं शेवटचं, सुरुवात हळुवार, मग मधे एकाच सुरावर गिटार घासत घासत ताण वाढवत नेतात आणि सगळ्यात शेवटी, लेबलाच्या अगदी जवळ, सॅक्सोफोन आणि मेलोट्रॉन मूळ धून घेऊन पूर्ण जोरात परत येतात. रेकॉर्ड जिथे सगळ्यात कमजोर तिथेच सगळ्यात मोठा आवाज. पिंक फ्लॉइडच्या 'ॲटम हार्ट मदर'ची पहिली साइडही तशीच, तेवीस मिनिटांहून जास्त आणि शेवटाला ब्रास आणि कोरस एकत्र.

वर आणखी साइडची लांबी. वीस मिनिटांच्या पुढे गेलं की खाचा जवळ जवळ आणि हलक्या कापाव्या लागतात, मग आवाज बारीक होतो, तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि धुळीची खरखरही वाढते. जेनेसिसच्या १९७३ च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'ची दुसरी साइड अठ्ठावीस मिनिटांची आहे. टॉड रंडग्रेनने १९७५ मध्ये 'इनिशिएशन' काढला तेव्हा एका रेकॉर्डवर तासाभराहून जास्त संगीत होतं, आणि सुई झिजलेली असेल तर ही रेकॉर्ड लगेच खराब होईल असा इशाराच सोबत छापला होता. अशी रेकॉर्ड थोडी दबलेली वाजली तर तुमच्या सेटअपला दोष देऊ नका.

हे डोक्यात ठेवून चार-पाच वेगवेगळ्या रेकॉर्ड लावा, आणि वहीत लिहा: कुठली साइड, कितव्या मिनिटाला, डाव्या स्पीकरमधून का उजव्या, आणि आवाज कसला. 'डार्क साइड ऑफ द मून' बहुतेकांकडे असतेच, तिच्या पहिल्या साइडचं शेवटचं गाणं म्हणजे क्लेअर टोरीचं ते शब्दांशिवायचं गाणं, बाई टिपेला जाते तेव्हा आवाज गोल राहतो का चिरकतो ते ऐका, ह्याहून चांगली चाचणी नाही.

मग अर्थ असा लावायचा. सगळ्या रेकॉर्डवर पहिल्या मिनिटापासून फाटतोय तर जोडणीत किंवा सुईत गडबड आहे. सगळ्या रेकॉर्डवर पण फक्त शेवटची पाच-सहा मिनिटं, तर अलाइनमेंट किंवा सुईचा आकार. एकाच रेकॉर्डवर, दर वेळी त्याच जागी, तर ती रेकॉर्ड मळलीय नाहीतर झिजलीय. फक्त एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये, तर ॲम्प-स्पीकर (पायरी ३) नाहीतर अँटी-स्केट, म्हणजे सुईच्या दांडीला, टोनआर्मला, द्यायचा उलटा ताण (पायरी ६). टिकटिक आणि करकर म्हणजे धूळ किंवा ओरखडा, ते फाटणं नाही, दोन्ही एकत्र मोजू नका.

३. जोडणी तपासा

बऱ्याच नवीन टर्नटेबलमध्ये फोनो प्रीॲम्प (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आतच असतो आणि मागे फोनो/लाइन असं बटण असतं. बटण लाइनवर आणि वायर ॲम्प्लिफायरच्या फोनोमध्ये, असं झालं की सिग्नल दोनदा वाढतो आणि पहिल्या सेकंदापासून सगळं फाटून येतं. बटण लाइन तर ॲम्पचं ऑक्स, बटण फोनो तर ॲम्पचं फोनो. उलटं झालं, म्हणजे बटण फोनोवर आणि वायर ऑक्समध्ये, तर आवाज अगदी बारीक, पातळ आणि बेसशिवाय येतो.

एकाच स्पीकरमधून फाटत असेल तर ॲम्प बंद करून मागच्या लाल आणि पांढऱ्या पिना अदलाबदल करा. फाटणं दुसऱ्या स्पीकरमध्ये गेलं तर दोष टर्नटेबलकडचा, तिथेच राहिलं तर ॲम्प नाहीतर स्पीकर. दोन मिनिटांचं काम आहे आणि ह्याने फुकटचा खर्च वाचतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने जुना टर्नटेबल पाठवला असेल तर इथे थांबा. तिकडची वीज १२० व्होल्टची हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतात. पण तिकडची फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झ, आपली ५०, आणि ट्रान्सफॉर्मर ती बदलत नाही. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा टर्नटेबल असेल तर तो ३३⅓ ऐवजी २८ पेक्षाही कमी फेऱ्यांनी फिरतो, सूर तीन पट्ट्यांनी खाली येतो आणि गायक पेंगुळलेला वाटतो. ह्यावर ५० हर्ट्झची पुली शोधावी लागते. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ लॉकवाला असेल तर ही अडचण येत नाही, फक्त व्होल्टेज बघा.

४. रेकॉर्ड धुवा, नीट

खाडीकाठची हवा आहे आपली, ठाणे काय, ऐरोली-वाशी काय, पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तशी रेकॉर्डवरही येते, पांढरे ठिपके दिसतात. जुन्या प्लॅस्टिकच्या आतल्या पिशव्या तर कधीकधी रेकॉर्डला चिकटून धुरकट डाग सोडतात. वरून ब्रश मारून हे निघत नाही.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण दहावा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, एकच. लेबल कोरडं ठेवा. कपडा खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसून काढा, हे महत्त्वाचं, साबण राहिला तर तोच सुईवर जमा होतो. भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळू द्या, पंख्याखाली नको, धूळ बसते.

डिस्टिल्ड वॉटर सीलबंद बाटलीतलं घ्या, बॅटरीच्या दुकानात कॅनमधून सुटं भरून देतात ते नको, त्याच फनेलने त्यांनी ॲसिड ओतलेलं असू शकतं. नळाचं पाणी शेवटच्या पुसण्याला वापरू नका, वाळल्यावर क्षार खाचेत राहतात. काचा पुसायचा स्प्रे, थिनर, रॉकेल ह्यातलं काहीही लावू नका. आणि आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना अल्कोहोल अजिबात नाही, लाख विरघळते.

धुतल्यावर पहिल्यांदा वाजवली की सुई बघा, टोकाला राखाडी मऊ गोळा जमलेला दिसेल. तो काढून परत वाजवा, मगच निकाल लावा. बुरशी लागलेलं आतलं कव्हर फेकून द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

५. सुई बघा

ब्रश नेहमी मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून स्वतःकडे. उलटा किंवा आडवा मारला तर कँटिलिव्हर (सुईचं टोक धरणारी बारीक काडी) वाकतो.

मग सुईचं वय. ऑडिओ टेक्निका ही कंपनी स्वतःच्या सुयांसाठी, टोकाच्या आकाराप्रमाणे, साधारण असे आकडे देते: कोनिकल (साधी गोल) ५०० तास, इलिप्टिकल (लंबगोल) ३००, आणि अजून बारीक टोकाच्या शिबाटा ८००, मायक्रोलाइन १०००. रोज एक अल्बम ऐकणाऱ्याची इलिप्टिकल सुई सव्वा-दीड वर्षात बदलायला येते. सेकंडहँड टर्नटेबल घेतला असेल तर त्यावरच्या सुईवर विश्वास ठेवूच नका, मागच्या मालकाने किती वापरली कुणास ठाऊक, आणि झिजलेल्या सुईची धार रेकॉर्ड कापते, ते नुकसान कायमचं.

प्रोग ऐकणाऱ्यांनी पैसे घालायचेच असतील तर ते सुईच्या आकारावर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे, महागड्या वायरींवर नाही. ऑडिओ टेक्निकाच्याच व्हीएम९५ कार्ट्रिज सीरिजमध्ये बॉडी तीच ठेवून सुई बदलता येते, म्हणजे आधी इलिप्टिकल घेऊन नंतर मायक्रोलाइन लावता येते, आणि 'स्टारलेस'च्या शेवटच्या दोन मिनिटांत जो फरक पडतो तो कुणालाही ऐकू येतो.

६. वजन, अलाइनमेंट, अँटी-स्केट

वजन आधी, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते ते. मॅन्युअलमध्ये रेंज दिलेली असते, व्हीएम९५ ला १.८ ते २.२ ग्रॅम, शिफारस २ ची. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड कमी झिजेल असं खूप जणांना वाटतं, आणि इथेच फसतात. हलकी सुई जोराच्या जागी खाचेत नीट टिकत नाही, दोन भिंतींवर आदळत जाते, तेव्हाच आवाज फाटतो आणि तेव्हाच भिंती खराब होतात. रेंजच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवा. काटा घेताना लोखंडी ताटलीचा घेऊ नका, कार्ट्रिजमधलं मॅग्नेट तिला खेचतं आणि आकडा चुकतो. रेकॉर्डच्या उंचीवर मोजा.

अलाइनमेंटसाठी प्रोट्रॅक्टर छापून घ्यायचा. झेरॉक्सवाल्या दादांना आधीच सांगा की हंड्रेड पर्सेंटवर काढा, फिट टू पेज नको, नाहीतर प्रिंट लहान येते आणि सगळी मेहनत पाण्यात. घरी आल्यावर प्रिंटवरची मोजपट्टी साध्या पट्टीला लावून बघा, मिलिमीटरही इकडे-तिकडे नको. प्रोट्रॅक्टर दोन प्रकारचे जास्त चालतात. बेअरवाल्डमध्ये सुई रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर बरोबर सरळ असते, स्टीव्हन्सनमध्ये ६०.३ वर, म्हणजे अगदी शेवटच्या खाचेपाशी, आणि ११७.४ वर. शेवटाला चढणारं संगीतच जास्त ऐकत असाल तर स्टीव्हन्सन लावून बघायला हरकत नाही, त्याच्या बदल्यात मधल्या भागात थोडं नुकसान होतं. हेडशेलचे, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवायच्या भागाचे, दोन स्क्रू थोडे सैल करायचे, कार्ट्रिज पुढे-मागे सरकवायचं, दोन्ही बिंदूंवर बॉडीची कड छापलेल्या रेषांना समांतर आली की स्क्रू घट्ट. पहिल्यांदा तासभर जाईल, जाऊ दे. सुईवर गार्ड लावता येत असेल तर सरकवताना लावा.

काही स्वस्त टर्नटेबलमध्ये, उदाहरणार्थ ऑडिओ टेक्निकाचा एलपी६०एक्स, वजन आणि अलाइनमेंट फॅक्टरीतच पक्कं केलेलं असतं. तिथे ही पायरी करताच येत नाही, फक्त सुई नवी लावा.

अँटी-स्केट: फिरणारी रेकॉर्ड टोनआर्मला आत खेचत असते, त्याला उलटा ताण द्यायचा. ताण कमी पडला तर सुई आतल्या भिंतीवर रेलते, ती डाव्या चॅनलची, आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते, ती उजव्याची. म्हणून उजवीकडे जास्त फाटत असेल तर अँटी-स्केट थोडं वाढवा, डावीकडे असेल तर कमी करा. सुरुवात सुईच्या वजनाएवढ्या आकड्यावर.

७. टर्नटेबलची जागा

हे थोडक्यात. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच कपाटावर ठेवू नका, बेस सुईतून परत आत शिरतो आणि मोठ्या आवाजात सगळं गढूळ होतं. घोडबंदर रोडला किंवा सायन-पनवेल हायवेला लागून घर असेल तर रात्रीच्या ट्रेलरची थरथरही सुईपर्यंत पोचते, अशा घरात भिंतीतलं शेल्फ जमिनीवरच्या टेबलापेक्षा बरं. लेव्हल बघायला गवंड्याची छोटी पाणसळ पुरते. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर नको, एप्रिल-मे मध्ये तिथे वाकतात.

८. सगळं करूनही त्याच जागी फाटतोय

मग ती रेकॉर्ड झिजलेली आहे. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी एचएमव्हीचे फिएस्टासारखे छोटे प्लेअर होते, सिरॅमिक कार्ट्रिज, आजच्या दुप्पट-तिप्पट वजनाने चालणारे, आणि सुई बदलायची असते हे कुणाच्या गावीही नसायचं. त्यावर शंभरदा वाजलेल्या रेकॉर्डच्या भिंती घासल्या गेल्यात, त्या धुवून परत येत नाहीत. एकच आशा असते, वेगळ्या आकाराची सुई. मायक्रोलाइन किंवा शिबाटा खाचेच्या भिंतीला जुन्या गोल सुईपेक्षा वेगळ्या जागी टेकते, तिथे भिंत शाबूत असेल तर आवाज बराच सुधारतो. मित्राकडे तशी सुई असेल तर आधी तिथे नेऊन ऐका, मग विकत घ्या.

आणि पुढची रेकॉर्ड घेताना आधीच बघून घ्या. चोरबाजारात जायचं तर ठाण्याहून स्लो लोकलने आणि वाशीहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरा, तिथून चालत. रेकॉर्ड कव्हरमधून पूर्ण बाहेर काढा, दुकानदाराला आवडो न आवडो. टॉर्च वरून सरळ मारू नका, बाजूने, रेकॉर्डला जवळपास टेकवून तिरका मारा. चांगली खाच काळीभोर चमकते. झिजलेली असेल तर जोराच्या जागा राखाडी, मेणचट दिसतात, आणि तो राखाडी पट्टा बहुतेक लेबलाजवळच्या दोन इंचांत असतो. मग लेबलवर मधल्या भोकाभोवती बघा, स्पिंडल शोधताना पडलेल्या बारीक रेघांचं जाळं असेल तर ती खूप वाजलीय. वरचा ओरखडा नखाला लागत नसेल तर फारसं घाबरू नका, असे बरेच ओरखडे ऐकूही येत नाहीत, पण राखाडी पट्ट्याची रेकॉर्ड 'एकदम मिंट' (कोऱ्यासारखी) म्हणून कितीही कमी भावात दिली तरी ठेवून या, किंवा कव्हर भिंतीवर लावायला हवं असेल तर तेवढ्याच पैशांत मागा.